कमाई सारखी, मग उंची आणि आयुष्य वेगळे का?

तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकांचे पत्र आले आहे. पहिलीच्या मुलांची उंची आणि वजन नोंदवताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. गावठाणातून येणारी मुले आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीतून येणारी मुले यांच्या उंचीत दोन बोटांचा तरी फरक दिसतो. शिक्षक लिहितात, "दोन्हीकडचे बरेच पालक एकाच शेतावर कापूस वेचायला जातात. मजुरी सारखी, रेशनचे धान्य सारखे, शाळेतली खिचडीही एकाच पातेल्यातली. मग हा फरक रक्ताचा, की सवयींचा?"

प्रश्न एका वर्गापुरता असला तरी तो साधा नाही. माणसाचे आरोग्य त्याच्या खिशातल्या पैशावर ठरते, की शेजाऱ्याच्या आणि त्याच्या पैशातील अंतरावर, की समाजाने त्याला दिलेल्या जागेवर, यावर जगातील आरोग्यशास्त्रज्ञ गेली तीस-पस्तीस वर्षे वाद घालत आहेत. या आठवड्यात तो वाद समजून घेऊ आणि शेवटी शिक्षकांच्या प्रश्नाकडे परत येऊ.

आधी 'रक्ता'चा मुद्दा निकालात काढू. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बालकांच्या वाढीचे नवे तक्ते प्रसिद्ध केले. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील मुले मोजण्यात आली होती. आईचे दूध, पुरेसा आहार, स्वच्छता आणि वेळेवर उपचार मिळालेली मुले कोणत्याही देशातील असोत, पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ सारखीच वाढतात, असे त्यात दिसून आले. दिल्लीचे मूल आणि ओस्लोचे मूल या वयात सारखे वाढत असेल, तर ओढ्याच्या अलीकडची आणि पलीकडची मुले जन्मतःच वेगळ्या घडणीची असतात असे म्हणायला आधार नाही. तेव्हा कारण बाहेर शोधले पाहिजे.

पहिले उत्तर : गरिबी

सर्वांत सरळ उत्तर गरिबीचे. १९७५ मध्ये सॅम्युअल प्रेस्टन या लोकसंख्याशास्त्रज्ञाने देशांचे दरडोई उत्पन्न आणि सरासरी आयुर्मान यांचा आलेख काढला. गरीब देशांत उत्पन्न थोडे वाढले तरी आयुष्य झपाट्याने वाढते. श्रीमंत देशांत मात्र कितीही पैसा वाढला तरी आयुष्यात फारशी भर पडत नाही, असे त्यात दिसले. हे आपल्यालाही पटण्यासारखे आहे. महिन्याला पाच हजारांत भागवणाऱ्या घरात आणखी हजार रुपये आले तर दूध, डाळ, अंडी येतील, तापाचे पोर तिसऱ्या दिवसाऐवजी पहिल्याच दिवशी दवाखान्यात जाईल. लाखभर कमावणाऱ्याच्या घरात तेच हजार रुपये कुठे गेले हे कळणारही नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. समजा, दोन गावे आहेत आणि दोन्हीकडे शंभर-शंभर कुटुंबे आहेत. पहिल्या गावात प्रत्येक कुटुंबाला वर्षाला एक लाख रुपये मिळतात. दुसऱ्या गावात दहा बागायतदार कुटुंबांना साडेपाच-साडेपाच लाख आणि उरलेल्या नव्वद कुटुंबांना पन्नास-पन्नास हजार मिळतात. बेरीज दोन्हीकडे एक कोटीच, सरासरीही एक लाखच. कागदावर दोन्ही गावे सारखी. पण दुसऱ्या गावात नव्वद घरे तंगीत आहेत, तेथे आजार आणि मृत्यू अधिक होणार. दहा घरांच्या सुबत्तेने त्यांची तूट भरून निघत नाही. आपल्या तालुक्यातही नांदूर-मधमेश्वर कालव्याचे पाणी मिळणारी गावे आणि आभाळाकडे डोळे लावून बसणारी गावे यांची सरासरी काढली, तर ती दोघांचीही खरी स्थिती सांगणार नाही.

म्हणून सरासरीवर विसंबू नये. महाराष्ट्र देशातील श्रीमंत राज्यांत गणला जातो. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातील पाच वर्षांखालील शंभरपैकी ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, केरळात २३. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार हजार जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात १६ आणि केरळात ६ बालके वर्षाच्या आत दगावली. केरळने ही आघाडी घेतली तेव्हा, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांत, त्याचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहूनही कमी होते. म्हणजे गरिबी हे कारण खरे, पण ते पुरते नाही.

दुसरे उत्तर : विषमता

१९९२ मध्ये रिचर्ड विल्किन्सन या ब्रिटिश संशोधकाने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की श्रीमंत देशांत एकूण पैसा किती यापेक्षा तो कसा वाटला गेला आहे यावर आयुर्मान ठरते. १९९६ मध्ये त्याच नियतकालिकात अमेरिकेतील पन्नास राज्यांचे दोन अभ्यास आले. ज्या राज्यांत उत्पन्नाची दरी मोठी, तेथे मृत्यूचे प्रमाणही अधिक असे दोहोंत आढळले. यातून असा विचार पुढे आला, की विषमता हाच एक रोग आहे आणि तो केवळ गरिबांना नव्हे, तर सगळ्या समाजाला लागतो.

याला शरीरशास्त्राचा आधार काय? लंडनमध्ये १९६७ पासून सुमारे अठरा हजार सरकारी पुरुष नोकरांची पाहणी झाली. 'व्हाइटहॉल अभ्यास' या नावाने ती प्रसिद्ध आहे. सर मायकेल मार्मट यांनी तिचे निष्कर्ष मांडले. सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई-हमालांचे मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते. हे लोक उपाशी नव्हते, सर्वांना कायमची नोकरी होती, सरकारी आरोग्यसेवा मोफत होती. विडी-सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब केला तरी फरकाचा थोडाच भाग उलगडला. शिवाय फरक फक्त तळाशी नव्हता, पायरीपायरीने होता. वरून दुसऱ्या पायरीवरचा मनुष्य पहिल्या पायरीवरच्यापेक्षा लवकर मरत होता.

मार्मट यांच्या मते आपल्या कामावर आणि आयुष्यावर आपला ताबा नसणे याचा ताण शरीरात साठत जातो. साहेब ओरडला, सावकार दारात आला, की छातीत धडधडते, रक्तदाब चढतो, कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात वाढते. हे घडीभर होणे स्वाभाविक आहे. पण वर्षानुवर्षे रोज तेच झाले तर रक्तवाहिन्या, हृदय आणि साखरेचे नियंत्रण बिघडते.

अमेरिकेतील वाद : विषमता की वर्ण?

येथे वाद पेटला. त्याआधी एक नेहमीचे उदाहरण पाहू. ज्या महिन्यात रसवंत्या जोरात चालतात त्याच महिन्यात उष्माघाताचे रुग्णही वाढतात. म्हणून उसाच्या रसाने उष्माघात होतो असे कोणी म्हणेल काय? दोन्हींच्या मागे तिसरेच कारण आहे, ते म्हणजे मे महिन्याचे ऊन. दोन गोष्टी बरोबरीने वाढल्या की एक दुसरीचे कारण आहे असे समजणे ही आकडेशास्त्रातील जुनी चूक आहे.

अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन (यांना २०१५ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला) आणि डॅरेन लुबोट्स्की यांनी २००३ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. अमेरिकेत ज्या शहरांत कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी, तेथेच उत्पन्नाची दरीही मोठी आहे आणि मृत्यूचे प्रमाणही. कृष्णवर्णीयांचे प्रमाण हिशेबात घेतले की विषमतेचा वेगळा परिणाम उरत नाही, असे त्यांनी दाखवले. म्हणजे विल्किन्सन यांची 'विषमता' हा रस ठरला आणि वर्णभेद हे ऊन. पण त्यांना आणखी एक विलक्षण गोष्ट आढळली. अशा शहरांत गोऱ्यांचेही मृत्यू अधिक होते. ज्या शहरात समाज वर्णावरून दुभंगलेला आहे, तेथे बहुधा सार्वजनिक दवाखाने आणि सुविधाच दुबळ्या राहत असाव्यात, अशी एक शंका त्यावरून पुढे आली.

२००९ मध्ये मायकेल अ‍ॅश आणि डीन रॉबिन्सन यांनी तेच आकडे पुन्हा तपासले. लहान-मोठ्या शहरांना हिशेबात किती वजन द्यायचे, या पद्धतीत त्यांना दोष दिसला. तो दूर केला तर विषमतेचा परिणाम शिल्लक राहतो, असे त्यांचे म्हणणे. डीटन आणि लुबोट्स्की यांनी त्याच वर्षी त्याला उत्तर दिले. हा वाद पूर्ण मिटलेला नाही. मात्र एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचे एकमत आहे: केवळ उत्पन्न मोजून आरोग्याचा हिशेब पुरा होत नाही, समाज कोणत्या रेषेवर दुभंगला आहे तेही पाहावे लागते.

आपल्याकडे ती रेषा जातीची

अमेरिकेत वर्ण, तशी आपल्याकडे जात. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेच्या अहवालातील एक आकडा वर्तमानपत्रांतून खूप गाजला: दलित स्त्री उच्चवर्णीय स्त्रीपेक्षा सरासरी साडेचौदा वर्षे आधी मरते. हा आकडा जपून वाचला पाहिजे. ते 'मृत्यूच्या वेळचे सरासरी वय' आहे, आयुर्मान नव्हे. ज्या समाजात मुले आणि तरुण अधिक असतात, तेथे मरणाऱ्यांतही तरुण अधिक भरतात, आणि सरासरी आणखी खाली येते. अन्याय सांगतानाही आकडा नेमका असावा. नाहीतर एक चूक सापडताच लोक सगळे म्हणणेच झटकून टाकतात.

नेमका आकडाही काही लहान नाही. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी २०१०-११ च्या एका सरकारी पाहणीतील दोन कोटींहून अधिक लोकांच्या माहितीवरून २०२२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान यांसारखी नऊ राज्ये त्यात होती, महाराष्ट्र नव्हता. तेथे उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक, दलितांचे तीन वर्षांहून अधिक आणि मुसलमानांचे सुमारे एक वर्षाने कमी आढळले. आता मुख्य गोष्ट: घरातील सुबत्तेचा हिशेब केल्यावर या तफावतीचा निम्म्याहून कमी भाग उलगडला. अर्ध्याहून अधिक फरक सारख्या आर्थिक स्थितीच्या घरांतही उरला.

शिक्षकांच्या प्रश्नाच्या अगदी जवळ जाणारा आणखी एक अभ्यास आहे. २०१९ मध्ये डायान कॉफी, अश्विनी देशपांडे, जेफ्री हॅमर आणि डीन स्पीअर्स यांनी देशभरातील ग्रामीण मुलांच्या उंचीचा अभ्यास केला. खालच्या मानल्या गेलेल्या जातींची मुले, जेथे शेजारी त्यांच्याहून वरचे मानले जाणारे लोक अधिक, तेथे अधिक खुजी आढळली. म्हणजे जात हा मुलाच्या अंगातील गुण नव्हे. शेजारी त्याच्याशी कसे वागतात, यावर ती शरीरात उतरते.

जात शरीरात शिरते कशी?

तिच्या वाटा रोजच्याच आहेत. पहिली वाट पाण्याची. मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये केला. तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. आज कोणी उघड अडवत नसेल. पण नळयोजनेची शेवटची तोटी कोणत्या वस्तीत येते, टँकर आधी कोठे रिकामा होतो, गावाचे सांडपाणी कोणाच्या दारातून वाहते, हे पाहावे. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाने खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. खिचडी एकाच पातेल्यातली असली तरी ती पचवणारी आतडी एकाच पाण्यावर वाढलेली नसतात.

दुसरी वाट वागणुकीची. डॉ. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातील दलित मुलांशी बोलून केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. औषध देताना स्पर्श टाळणे, तुटक बोलणे, घरी येऊन दाराबाहेरूनच परतणे, असे अनुभव मुलांनी सांगितले. ज्या दवाखान्यात अपमान होतो तेथे मनुष्य अगदी गळ्याशी आल्याशिवाय जात नाही. मग साधा खोकला न्युमोनिया होतो आणि उपजिल्हा रुग्णालयात बरा होणारा रुग्ण 'घाटी'त न्यावा लागतो.

तिसरी वाट कामाची. मराठवाड्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस आजारी पडले तर खाडा धरून पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही, विसावा नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या माहितीनुसार पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. याला 'सवय' म्हणायचे काय? ज्या बाईच्या हाती तिचा एक दिवसही नाही, तिने हा निर्णय मोकळेपणी घेतला असे कसे म्हणता येईल?

जामखेडने काय दाखवले?

मग हे बदलता येते काय? येते, आणि त्याचा दाखला आपल्यापासून फार लांब नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी भागात काम सुरू केले. गावागावांतून त्यांनी आरोग्यसेविका निवडल्या. त्यांतील बहुतेक जणी निरक्षर आणि अनेक जणी दलित होत्या. त्या जामखेडला येऊन एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शिकत. परत गेल्यावर बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, मुलांचे वजन, लसीकरण हे सारे त्या पाहत. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्याच हाती गावाची बाळंतपणे आली.

हातपंप घेताना आरोळ्यांनी जागा दलित वस्तीत निवडण्यावर भर दिला. पाण्यासाठी सगळ्या गावाला तेथे यावे लागले. भाषणाने जे झाले नसते ते हंड्याने केले. १९७१ मध्ये या भागात हजारामागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९७६ मध्ये हे प्रमाण ५२ वर आले. पाच वर्षांत तेथील लोक काही श्रीमंत झाले नव्हते. उलट मध्येच १९७२ चा दुष्काळ येऊन गेला होता. बदलले ते पाणी कोठे आहे, आरोग्याचे ज्ञान कोणाच्या हाती आहे आणि कोण कोणाच्या घरी जाते, हे. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले, तेव्हाही बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. आज आपल्या दारी येणारी आशाताई याच वाटेवरून आली आहे.

आपण काय करू शकतो?

१. गावाच्या सरासरीवर समाधान मानू नका. वर्षभरात किती बाळंतपणे घरी झाली, किती बालके दगावली, किती कमी वजनाची आहेत, हे आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्याकडून वस्तीवार विचारा. त्यांना घर न् घर माहीत असते.

२. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती प्रत्येक गावात असावी अशी तरतूद आहे. तिची बैठक कधी होते, वस्तीतील स्त्रिया तिच्यावर आहेत काय आणि निधी कशावर खर्च होतो, हे ग्रामसभेत विचारा.

३. नळाची शेवटची तोटी, गटाराचे शेवटचे टोक आणि टँकरचा शेवटचा थांबा एकदा स्वतः चालत जाऊन पाहा.

४. आम्हा डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी प्रत्येक रुग्णाला हात लावून तपासावे, नावाने आणि आदराने हाक मारावी, औषध हातात द्यावे. याला एक पैसाही लागत नाही.

५. 'त्यांच्या सवयीच तशा' हे वाक्य तोंडी येताच थांबा. जवळ पाणी नसताना हात धुण्याची सवय कोणालाच लागत नाही.

आता शिक्षकांना उत्तर. गुरुजी, आपल्या वर्गातील दोन बोटांचा फरक रक्ताचा नाही आणि केवळ पगाराचाही नाही. तो ओढ्याचा आहे. ओढ्याच्या पलीकडे काय पोहोचत नाही ते शोधावे लागेल. आपण उंचीची नोंद ठेवताच आहात. तिच्या शेजारी आणखी दोन रकाने आखा: घरापासून पाणी किती अंतरावर आहे आणि गेल्या महिन्यात मुलाला किती वेळा जुलाब झाले. तो कागद पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. जगातील विद्वानांचा वाद चालू राहील. आपल्या गावापुरते उत्तर त्या कागदात बरेचसे सापडेल.